आईला आणखी काय सोडायला सांगायचं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

सलाम ताई,

तुमची कमेंट दिवसभर डोक्यातून गेली नाही, म्हणून दोन ओळींत न उरकता नीट लिहितो. लेंटवरच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळावरच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की चाळीस दिवस मटण सोडलं म्हणजे झालं असं नाही, रोजच्या जगण्यात स्वतःला नाकारलं पाहिजे. त्यावर तुम्ही लिहिलंत की हे ऐकवतात फक्त बायकांना, तुमच्या आईने उभा जन्म तेच केलं, नवऱ्याची दारू, सासूची बोलणी, सगळं "हा तुझा वधस्तंभ, उचल" म्हणून तिच्या गळ्यात मारलं, आणि तारण, म्हणजे पापातून सुटका, जर देवाच्या कृपेनेच फुकट मिळते तर हा छळ हवाच कशाला.

आईंच्या गळ्यात जे मारलं तो अन्याय होता ताई. त्याला प्रभूचं नाव लावणं हे पाप आहे, मग लावणारा पाळक असो नाहीतर घरातला वडीलधारा. बायबलमध्ये योहान 10:18 मध्ये येशू स्पष्ट सांगतो की माझा प्राण कोणी माझ्याकडून घेत नाही, मी आपण होऊन देतो. आणि अटकेनंतरच्या चौकशीत शिपायाने तोंडात मारली तेव्हा तो गप्प बसला नाही, मी वाईट बोललो असेन तर दाखव, नसेन तर मारतोस का, असं सरळ विचारलं (योहान 18:23). दारुड्याच्या बायकोला हे वचन कुणी वाचून दाखवत नाही याचा मला खरंच राग येतो.

पण म्हणून स्वतःला नाकारणंच टाकून द्यायचं, हे मला पटत नाही. आपल्या पंडिता रमाबाईच बघा ना. आई, वडील, बहीण दुष्काळात गेले, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा गेला, पदरात लहानगी मनोरमा. 1883 ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या सिस्टर आणि बिशप मंडळींपुढे मान खाली घालून बसल्या नाहीत, माझा विवेक मी कुणाच्या हाती देणार नाही म्हणून पत्रांतून वाद घालत राहिल्या. कलकत्त्याच्या विद्वानांनी आधीच पंडिता म्हणून गौरवलं होतं, त्या मानावर आयुष्य आरामात गेलं असतं. पण 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली आणि विधवांना गोळा करून घेऊन आल्या, केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती हे आश्रयस्थान उभं केलं, आणि त्या मुलींना "सोसा" नाही सांगितलं, विणकाम, शेती, छापखान्याचं काम शिकवून पायावर उभं केलं. स्वतः मात्र हिब्रू, ग्रीक शिकून 1922 मध्ये देह ठेवेपर्यंत बायबलच्या भाषांतराला जुंपून घेतलं. आपला आराम सोडला तो दुसऱ्याचं ओझं उतरावं म्हणून, आणि मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे.

म्हणजे सोडायचं त्याने, ज्याच्याकडे सोडण्यासारखं काही आहे. रविवारचं बघा, घरातला पुरुष इस्त्रीचा शर्ट घालून उपासनेला वेळेवर पहिल्या बाकावर, आणि बायको कुकर उतरवून, मुलांच्या वेण्या घालून, ओल्या केसांनी दुसरं गीत संपताना मागच्या दाराने आत येते, तिच्या हाताला अजून कांद्याचा वास असतो. त्या दिवशी स्वार्थत्यागावर संदेश असेल तर तो पहिल्या बाकासाठी आहे. शिष्यांचे पाय धुतले ते गुरूने, येशूने, ज्याचा मान होता त्याने.

घराबाहेरही तेच. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ दुकानात हिशेब लिहितात, खोटी बिलं करायला नाही म्हणाले तर पगारवाढ गेली, वर "फार देवमाणूस झालाय" हे रोज ऐकावं लागतं. त्यांच्या बायकोला आधी विचारून त्यांनी हे केलं, कारण कात्री तिच्याही खर्चाला लागणार होती. हे विचारणं मला फार मोलाचं वाटतं.

कृपेचं म्हणाल तर शंभर टक्के मान्य, उपास करून तारण विकत मिळत नाही. पण बायबलमधल्या इफिसकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृपेचं वचन झालं की लगेच पुढे सत्कृत्यांसाठी आपल्याला घडवलंय असंही आहे. ज्याला फुकट मिळालं त्या माणसाचा हात सैल होतो, मूठ आवळून बसायची गरजच उरत नाही.

आता शेवटी तुम्ही विचारलंत की मग आईने या लेंटमध्ये काय सोडावं. काहीच नाही. दोन वेळा गरम जेवावं, दुपारी आडवं व्हावं. सोडायचं तुमच्या भावांनी, रविवार सकाळची झोप आणि आयतं ताट, आणि वडील अजून पीत असतील तर त्यांच्याशी बोलायचं कामही भावांनी पाळकसाहेबांना सोबत घेऊन करावं, आईंवर ढकलू नये. आणि वडिलांना हात उचलायची सवय असेल तर लेंट संपायची वाट बघू नका, आईंना आजच तुमच्याकडे घेऊन या.