महिन्याला अर्धी पट्टी घेऊन पोट कणखर होत नाही

‘महिन्यातून एकदा अँटिबायोटिकची अर्धी पट्टी घ्या, पोटातले जंतू औषधाला सरावतात आणि पोट कणखर होतं,’ असा मेसेज कोल्हापुरात फिरतोय. शुक्रवार पेठेतल्या माझ्या आत्यानं तो वाचून नातवाच्या उरलेल्या गोळ्या जपून ठेवल्यात, म्हणून हे लिहितेय.

जंतू सरावतात, खरंय. पण त्यात पोट कणखर कुठून झालं? गोळीनं मरणारे मरतात, न मरणारे उरतात आणि मोकळ्या जागेत वाढतात. एरवी ते निरुपद्रवीही असतील, पण औषधाला दाद न देण्याचं जनुक ते स्वतःपुरतं ठेवत नाहीत. पुष्कळदा ते प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतं, आणि त्या कड्याची प्रत शेजारच्या जंतूला मिळते, तो वेगळ्या जातीचा असला तरी. जपानात 1950 च्या दशकात हगवणीचे शिगेला जंतू सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन अशा चारही औषधांना एकदम जुमानेनासे झाले. 1959 साली ओचिआई आणि अकिबा या जपानी संशोधकांनी दाखवलं, की हा गुण ई. कोलाय या जंतूकडून शिगेलाकडे एकगठ्ठा जातो. आणि ई. कोलाय तर तुमच्या-आमच्या आतड्यात कायमच मुक्कामाला! म्हणजे हा मेसेज सांगतोय, घरात दारूगोळा साठवा, हगवणीचा जंतू आला की त्याला आयता मिळेल. साठ वर्षांहून जुनी माहिती आहे ही, आणि म्हाताऱ्या माणसांना तिच्या नेमकं उलट शिकवलं जातंय. संताप येतो.

‘ज्याचं पोट त्याचा प्रश्न’ हेही खोटं. 2017 मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’मध्ये आलेल्या डच प्रवाशांच्या अभ्यासात, निघताना ज्यांच्या पोटात औषधाला दाद न देणारे जंतू नव्हते त्यांच्यातले दक्षिण आशियातून परतलेल्या चारांतले तीन जण ते घेऊन आले. पुढे काहींच्या घरच्यांनाही ते लागले.

‘ताकानं सगळं पूर्ववत होतं.’ ताक जरूर प्या. त्यानं ही जनुकं धुऊन निघत नाहीत.

‘लांबलचक कोर्स म्हणजे लूट.’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करते. काही आजारांत कमी दिवसांचा कोर्सही तेवढाच पुरतो. पण कुठल्या आजारात किती दिवस, हे डॉक्टर सांगणार, मेसेज नव्हे. टीबीत महिनोन्‌महिने गोळ्या घ्याव्याच लागतात.

साध्या जुलाबाला ओआरएस द्या, लहान मुलाला डॉक्टरांना विचारून झिंकही. शौचातून रक्त पडलं किंवा ताप चढला, तर उरलेली पट्टी न शोधता दवाखाना गाठा.