वेल वांझ नाही हो, आप्पा

"वहिनी, वेल वांझ निघाली. बी बोगस दिलं तुम्ही."

सकाळी शटर अर्धं वर असताना पहिलं गिऱ्हाईक हे वाक्य घेऊन आलं की दिवस कसा जाणार ते कळतं. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात आमचं कृषी सेवा केंद्र आहे. यजमान माल आणायच्या धावपळीत असतात, काउंटर माझ्याकडे. कीड, रोग, खत, उधारी, सगळं तिथेच चालतं.

आप्पांनी मोबाईल पुढे केला. फोटोत गिलक्याचा मांडव. (पुणे-मुंबईकडच्यांसाठी: तुमचं घोसाळं ते आमचं गिलकं. भजी दोन्हींची होतात, भांडू नका.) मांडव पिवळ्याधमक फुलांनी लगडलेला आणि गिलकं औषधालाही नाही. मी फोटो मोठा करून पाहिला. एकाही फुलाच्या मागे फुगवटा नव्हता.

म्हटलं, "आप्पा, ही सगळी नर फुलं आहेत. आधी नर येतात, मग मादी. आठ-दहा दिवस थांबा."

"म्हणजे वांझ नाही?"

"वेल वांझ नाही हो आप्पा. फोटोत जेवढे दिसतायत ते सगळे पुरुष आहेत."

युरियाची गोणी खांद्यावर घेतलेला एक जिभाऊ असा हसला की गोणी खाली ठेवावी लागली. आप्पा मात्र हसले नाहीत. मोबाईल खिशात टाकला, उधारीच्या वहीत काय लिहिलंय ते न बघता सही केली आणि गेले.

त्या दिवसापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून आज लिहून टाकते. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी वेलीचं सांगते, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गिलकं, दोडकं, कारलं, काकडी, डांगर, या सगळ्या एका घराण्यातल्या वेली. त्यांत बहुतेकांचं नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं, दोन्ही एकाच वेलीवर. गिलक्याची नर फुलं घोसाने येतात, एका दांड्यावर पाच-दहा कळ्या, रोज एखाद-दुसरी उमलते. मादी फूल एकटं येतं. ते ओळखायला शिक्षण लागत नाही. पाकळ्यांच्या खाली बोटाच्या पेराएवढं हिरवं गिलकं आधीच तयार असतं. शाळेत आपण त्याला अंडाशय म्हणून पाठ केलं होतं, आकृती काढून नावं दिली होती, आणि पेपर संपल्यावर विसरलो होतो. पहाटे फूल उघडतं. नर फुलातला पराग मधमाशी किंवा काळा भुंगा अंगाला माखून मादीच्या कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मधल्या टोकावर, पोचवतो. पोचवला तर ते इवलं गिलकं धरतं आणि लांबायला लागतं. नाही पोचवला तर दोन-तीन दिवसांत पिवळं पडतं, सुकतं आणि गळतं.

उन्हाळा कडक असला, दिवस मोठे असले, किंवा शेणखत-युरिया जास्त होऊन वेल माजली, की नर फुलं वाढतात आणि मादी कमी येतात. म्हणजे "नुसतीच फुलं" ही तक्रार बहुतेक वेळा नरांच्या गर्दीची असते, नाहीतर माशा न आल्याची. शेतकरी मात्र दुकानात येऊन म्हणतो, वेल वांझ आहे. नर फुलांनासुद्धा आपण "वांझोटी फुलं" म्हणतो! ज्या फुलाने फळ धरायचंच नसतं, ज्याचं कामच वेगळं, त्यालाही शिवी बाईचीच.

आता या शब्दाला पुरुषाचा जोडीदार शोधून दाखवा. मी चार दिवस शोधतेय. षंढ, नामर्द हे शब्द आहेत, पण ते मर्दानगीबद्दल, आणि भांडणात फेकायला. मूल होत नसलेल्या पुरुषासाठी रोजच्या बोलण्यात शब्दच नाही. त्याच्याबद्दल आपण म्हणतो, "त्याच्या बायकोला मूल होत नाही." जोडप्याला मूल होत नसतं तेव्हा जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, हे आता कुठलाही डॉक्टर सांगेल. ते भाषेच्या कानावर अजून गेलेलं नाही.

पपईचं तर याहून गमतीदार. आता शहादा पट्ट्यात तैवान ७८६ लावतात, तिच्यात नर झाड निघत नाही. पण जुन्या देशी पपईत निम्मी झाडं नर निघायची. लांब लोंबणाऱ्या दांड्यांवर बारीक पांढरी फुलं, संध्याकाळी गोड वास. माझ्या माहेरी परसात असं एक होतं. "वांझ झाड" म्हणून वडिलांनी कुऱ्हाड घातली. पुढच्या वर्षी शेजारची मादी झाडं फळं धरेनात, तर ती पण वांझ ठरली!

वनस्पतींत नर-मादी असतात हे प्रयोगाने दाखवलं १६९४ साली, जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या कामेरारियस नावाच्या माणसाने. त्याच्या प्रयोगातलं एक झाड म्हणजे आपला एरंड. एरंडाच्या एकाच तुऱ्यावर खाली नर फुलं आणि वर मादी असतात, मादीला लाल पिसासारखी जीभ फुटलेली असते. त्याने नर कळ्या उमलायच्या आत खुडून टाकल्या. एरंड्या नुसत्या पोकळ आल्या, आत बी नाही. सव्वातीनशे वर्षं झाली. आमच्या बांधावर एरंड अजून उभा आहे, उद्या सकाळी कुणीही जाऊन बघावं.

आता फुई.

फुई म्हणजे आत्या. यजमानांची आत्या, पण घरात लहान-थोर सगळे फुईच म्हणतात. मूल झालं नाही. धुळ्याच्या डॉक्टरांनी दोघांना या म्हटलं होतं, फुवा काही गेले नाहीत. ती एकटी गेली, गोळ्या खाल्ल्या, नवस केले, अंगारे लावले. फुवा वारल्यावर माहेरी परत आली, त्यालाही पंचवीस वर्षं झाली. दुकानाच्या मागे अंगणात तिचा मोगरा, जाई, अबोली, शेवंती आहे. गावातल्या निम्म्या लग्नांचे गजरे तिच्या हातचे असतात. केळीच्या सोपटाचा दोरा करून दोन बोटांत फूल धरते आणि गाठ कधी मारली ते दिसतसुद्धा नाही. स्वतःच्या डोक्यात तिने या पंचवीस वर्षांत एक फूल घातलेलं मी पाहिलं नाही.

माझं डोहाळजेवण होतं तेव्हा तिने रात्रभर बसून फुलांचे दागिने केले होते. बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट, सगळं मोगऱ्याचं आणि मधे मधे शेवंती. मला पाटावर बसवलं, बायका जमल्या, फोटोवाला आला. ओटी भरायची वेळ झाली तशी कुणीतरी म्हणालं, "फुई, तू जरा भाताकडे बघ." ती उठून गेली. भाताला दोन बायका आधीच होत्या. मी तिच्या हातचे दागिने अंगावर घालून बसले होते आणि एक शब्द बोलले नाही. त्याला सतरा वर्षं झाली.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूरकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात सरकारनेही परिपत्रक काढून बाकी गावांना तसंच करायला सांगितलं. व्हॉट्सॲपवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. आमच्या घरातला गजऱ्याचा हिशेब त्याने बदलला नाही, हेही लिहिते.

आणि त्या ओटीत काय असतं? तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि आमच्याकडे हमखास केळी. केळीचं फूल कधी नीट बघितलंय? आमच्याकडे सगळे केळी निसवली म्हणतात. निसवली की जांभळं केळफूल बाहेर येतं, एकेक पान उचलतं, खाली ओळीने फुलं. पहिल्या काही ओळी मादी फुलांच्या, त्यांच्या फण्या होतात. टोकाकडची सगळी नर. फण्या धरल्या की शेतकरी केळफूल तोडून टाकतो, कारण त्याची गरजच नसते. आपण खातो ती केळी परागाशिवायच धरते. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी तयार होतच नाही. केळं आडवं कापलं की मधे बारीक काळे ठिपके दिसतात, तेवढीच बियांची आठवण. लागवड कंदावर, नाहीतर आता टिश्यू कल्चरच्या रोपावर. म्हणजे २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपल्या जळगावची केळी, जिच्यावर रावेर-यावलचे संसार उभे आहेत, ती आपल्याच व्याख्येने वांझ. लग्नात तिचे खांब बांधतो. परवा कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशी देवीच्या, पूजेत चौरंगाच्या चारी बाजूंना आम्ही तेच बांधले. लेकुरवाळी हो म्हणून तिचीच फणी सुनेच्या ओटीत घालतो, आणि फुईला भाताकडे पाठवतो.

देवाला वाहतो त्यातलंही बघा. रानगुलाबाला पाच पाकळ्या असतात. बाजारातल्या भरगच्च गुलाबात जास्तीच्या पाकळ्या झाल्या त्या बऱ्याचशा पुंकेसरांच्या. डबल जास्वंदीचं तसंच. डबल मोगऱ्याला बी धरलेलं कुणी पाहिलं असेल तर सांगा, फुईने पन्नास वर्षांत पाहिलेलं नाही. ही फुलं देवाला चालतात. देवाची तक्रार आल्याचं ऐकिवात नाही.

"ताई, आता भाजीपाल्यातही स्त्रीवाद का?" अशी कमेंट येणार, मला माहीत आहे. येऊ द्या. त्या दादांनी आधी आपल्या कपाशीकडे बघावं.

कपाशीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात. पहिल्या दिवशी दुधी-पिवळं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि गळतं, मागे बोंड राहतं. पण तुम्ही पाकीट घेता ते संकरित बियाणं. १९७० साली सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ काढलं, जगातलं पहिलं संकरित कपाशीचं व्यापारी वाण. सुरत आपल्याला काही लांब नाही. ते बियाणं बनतं कसं? दुपारनंतर बाया ओळीत शिरतात, उद्या उमलेल ती कळी ओळखतात, नखाने पाकळ्या आणि पुंकेसर सोलून काढतात, कुक्षी तेवढी शाबूत ठेवतात. खूण म्हणून रंगीत कागद लावतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नर म्हणून लावलेल्या दुसऱ्या वाणाचं फूल आणून त्याचा पराग त्या कुक्षीवर घासतात. असं एक फूल चार-पाच कळ्यांना पुरतं. याला मजुरीच्या भाषेत क्रॉसिंग म्हणतात. एकेका बोंडामागे एकेका बाईचं नख आहे. त्या बायांमध्ये किती जणींना गावात वांझ म्हणतात, ते पाकिटावर छापत नाहीत.

आता माझ्याबद्दलही बोलते, नाहीतर म्हणाल दुसऱ्यालाच शिकवते. माशा का येत नाहीत? शेजारी कपाशी, कपाशीवर फवारणी. ते औषध मी विकते. फूलगळीचं टॉनिक पण मीच विकते. मादी फूल ऐन उमललेलं असतं तेव्हा, सकाळी, पंप पाठीवर असतो, कारण मजूर सकाळी मिळतो. मी प्रत्येकाला सांगते, फुलोऱ्यात फवारायचंच असेल तर संध्याकाळी फवारा. ऐकणारा दहात एक. बाकी नऊ पंधरा दिवसांनी येऊन वेल वांझ आहे म्हणतात आणि टॉनिकची बाटली नेतात. गल्ल्याला दोन्हीकडून फायदा. हे लिहायला लाज वाटतेय, पण आहे ते आहे.

आप्पांच्या प्रकारानंतर मी घरी येऊन फुईला सगळं सांगितलं. आमच्याही अंगणात एक गिलक्याचा वेल आहे, कुंपणावर चढवलेला, आणि त्याला तीही गेले आठ दिवस "वांझ शे, उपटी टाक" म्हणत होती. मी तिला नर फूल तोडून दाखवलं, मग पानाआडचं मादी फूल दाखवलं, मागचं बोटभर गिलकं दाखवलं. तिने चष्मा वर केला, हात लावून बघितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

"मंग इतला दिन वांझ कोन व्हतं?"

मला वाटलं वेलीबद्दल विचारतेय. मी उत्तर द्यायला लागले, आणि तिच्या तोंडाकडे बघून थांबले.

दुसऱ्या दिवसापासून ती सूर्य उगवायच्या आत कुंपणाशी असते. नर फूल तोडते, पाकळ्या मागे मुडपते, मधला पिवळा भाग मादी फुलात हळूच टेकवून फिरवते. गजऱ्याला फूल धरते तसंच दोन बोटांत. ज्याला लावलं त्याच्या देठाला लाल दोरा बांधते, कानबाईच्या पूजेतलं उरलेलं रीळ आहे. मला बोलावत नाही. मी खिडकीतून बघते.

परवा चार लावले. दोन धरले, लांबायला लागलेत. एक पिवळं पडलं. चौथ्याचं ती म्हणतेय, अजून दोन दिवस थांबू.