ड्युरियन, फणस आणि पऱ्हाटी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

माझ्या ड्युरियनवरच्या लेखावर, म्हणजे आग्नेय आशियातल्या त्या काटेरी, उग्र वासाच्या फळावरच्या लेखावर, आलेल्या तुमच्या प्रतिक्रियेखाली नाव नाही, नुसतं 'निवृत्त प्राध्यापक, वनस्पतिशास्त्र' आहे, म्हणून सर म्हणते. रागावून लिहिलंत, पण नीट वाचून रागावलात. 'छान माहिती' म्हणून अंगठा दाखवून जाणाऱ्यांपेक्षा ते मला बरं वाटलं.

तुमचे मुख्य आक्षेप तीन. ड्युरियन फणसाचा नातलग नाही हे मी ठासून लिहिलं, पण काटे तेच, खोडाला लागणं तेच, पिवळे गरे आणि मोठ्या बियाही त्याच, मग नातं नाकारायचा आधार काय? दुसरा, ड्युरियन शाल्मली कुलातला, म्हणजे काटेसावरीच्या कुलातला, असं तुम्ही तीस वर्षं शिकवलंत आणि मी त्याला बिनदिक्कत भेंडीच्या कुलात टाकलं. तिसरा, एवढं सगळं लिहूनही पहिल्या फोटोखाली मीच 'फणसाचा मावसभाऊ' अशी ओळ दिली.

तिसऱ्यावर माझ्याकडे उत्तर नाही. फोटो सिंगापूरला भाचीकडे गेले होते तेव्हाचा आहे, ओळही तेव्हाच गमतीत सुचली. लेख नंतर झाला आणि ओळ तशीच राहिली. आणखी एक चूक तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगते. मी ड्युरियनचे 'गरे' म्हटलं होतं. तुम्हीही तेच म्हणता आहात, आणि आपल्या भांडणाचं मूळ याच शब्दात आहे.

नागपूरच्या गोकुळपेठेत फणस कापणाऱ्याकडे जरा वेळ उभं राहून बघा. हाताला तेल, सुरीला तेल, तरी चीक चिकटतोच. वड-पिंपळाचं पान तोडल्यावर येतो तोच हा पांढरा चीक, कारण फणस त्यांच्या वट कुलातला. ड्युरियनला असा चीक नसतो. पण खरी गंमत आत आहे. फणस हे एक फळ नव्हेच. मादी फुलांचा अख्खा गुच्छ एकमेकांत मिसळून तो तयार होतो. वाडाच म्हणा, प्रत्येक खोलीत एक फूल. बाहेरचा एकेक काटा म्हणजे एकेका फुलाचं टोक. ज्या फुलात बी धरलं त्याच्या पाकळीसारख्या आवरणाचा गरा झाला, ज्यात धरलं नाही ते गऱ्यांमधले दोरे होऊन राहिलं. आपण आठळी काढून खातो ते त्या फुलाचं आवरण.

ड्युरियन एकाच फुलातून येतो, एकाच अंडाशयातून. आत बहुधा पाच कप्पे, कप्प्यात बिया, आणि बियांवर मऊ पिवळट साय. ही साय फुलाच्या आवरणातून येत नाही, ती बीच्या देठाशी उगवते आणि बीला गुंडाळते. लिचीचा गर किंवा जायफळावरची जायपत्री आठवा, तो प्रकार. म्हणून 'गरा' हा शब्द तिथे लागू होत नाही. काट्यांचंही तसंच, ते फळाच्या सालीतून निघतात, त्यांचा फुलांच्या संख्येशी संबंध नाही. आणि पिकल्यावर हे फळ आपसूक पाच फाकांत उकलतं. सिंगापूरचा विक्रेता हातमोजा घालून, काट्यांत दडलेली शीर शोधून सुरीचं टोक खुपसत होता, की फळ उघडलंच. (खाऊन झाल्यावर भाचीने मेट्रो स्टेशनवरची पाटी दाखवली: ड्युरियन नेण्यास मनाई.)

पाच फाकांत उकलणारं फळ आपल्याकडे कुणाला सांगायला नको. ते बोंड. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, बोंड तीन ते पाच कप्प्यांचं, काटेसावरीचं पाच, आणि भेंडी आडवी कापली की तिथेही पाच. शास्त्राच्या पुस्तकातही अशा फळाला बोंडच म्हणतात. कॉटन मार्केटला भाजी घेताना मला आता हे हटकून आठवतं: नाव कापसाचं, विकायला भेंडी आणि फणस, आणि या तिघांत ड्युरियनचा नातलग नसलेला एकटा फणस.

खोडाला लागण्याचं म्हणाल, तर उंबरही खोडालाच लागतो आणि कोकोच्या शेंगाही. उंबर फणसाच्या कुलातला, कोको ड्युरियनच्या. ती सवय दोन्ही घराण्यांत आहे, म्हणून तिच्यावरून नातं ठरत नाही. आणि काट्यांवरून नाव द्यायची खोड फक्त आपलीच नाही. मलय भाषेत 'दुरी' म्हणजे काटा, त्यावरून दुरियान. त्याच लोकांनी बाहेरून आलेल्या, मऊ काट्यांच्या, सीताफळाच्या कुळातल्या एका फळाला 'दुरियान बलांदा' म्हणजे डच ड्युरियन म्हणून टाकलं!

आता शाल्मली कुल. इथे तुम्ही चुकीचं शिकवलं असं मी म्हणणार नाही, त्या काळच्या पुस्तकांत तेच होतं आणि मीही तेच पाठ केलं. नव्वदीच्या दशकात डीएनए तुलना सुरू झाल्या. १९९८ च्या नव्या मांडणीत शाल्मली कुल, कोकोचं कुल आणि फालशाचं कुल ही तिन्ही भेंडी कुलात विलीन झाली, कारण त्यांच्यातल्या भिंती नैसर्गिक नव्हत्या. पण माझ्या मते तुम्हाला याहून जास्त टोचेल ते पुढचं: त्या मोठ्या घरातही ड्युरियन काटेसावरीच्या खोलीत नाही. त्याचा उपकुलातला जोडीदार आहे मुरुडशेंग!

होय, तीच बाळघुटीतली, पाच पेडांची पिळलेली. आपल्या विदर्भाच्या कोरड्या जंगलात पुरुषभर उंचीचं झुडूप, लाल फुलं. तिकडे बोर्निओच्या ओल्या जंगलात तीस-चाळीस मीटर उंच ड्युरियन. दिसण्यावरून कुणी जोडले असते का? जुन्या पुस्तकांत तर ती निराळ्या कुलातच होती. मलाही पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलं नव्हतं. मग घरातली घुटीची डबी काढली, शेंग पाण्यात भिजवून उलगडली आणि पाचही पेड सुटे करून बघितले.

'ड्युरियन म्हणजे एकच झाड' असं तुम्ही ओघात लिहिलंत, तेही जरा थांबवते. या प्रजातीत सुमारे तीस जाती आहेत, बहुतेक बोर्निओत, आणि त्यातल्या किमान नऊ जातींची फळं खातात. बाजारात दिसतो तो बहुतेक एकच, ड्युरिओ झिबेथिनस. बोर्निओच्या एका जातीला तर फुलं-फळं जमिनीलगत, खोडाच्या बुंध्याशी येतात, म्हणून तिच्या शास्त्रीय नावातच कासव आहे.

वटवाघळांबद्दल 'कल्पनाविलास' म्हणालात. ड्युरियनची फुलं संध्याकाळी उमलतात, मध खाणारी वटवाघळं रात्री येतात, एवढंच मी लिहिलं होतं. ते राहील.

'गरे' शब्द लेखातून आत्ताच काढला. मावसभाऊ आज रात्री काढते. त्या फोटोशेजारी उलगडलेल्या मुरुडशेंगेचा फोटो लावणार आहे, बघून सांगा पाचही पेड नीट दिसतात का.