इन्सुलिनची किल्ली आणि नसलेली कुलपं

मधुमेहाबद्दलचा एक मेसेज गेली कित्येक वर्षं न थकता फिरतो आहे. दर खेपेला चित्र नवं, मजकूर तोच. प्रत्येक पेशीला कुलूपबंद दार असतं आणि इन्सुलिन ही त्याची एकुलती एक किल्ली. किल्ली नसेल तर साखर कुठल्याच पेशीत शिरत नाही. मधुमेह होतो तो या दाराचं जनुक बिघडल्यामुळे. आत जाता येत नाही म्हणून साखर रक्तात साठते आणि पेशी उपाशी मरतात. लघवीत साखर उतरली की समजायचं, मूत्रपिंडं कामातून गेली. शिकवण्याच्या ओघात फळ्यावर कुलूप-किल्ली मीही काढलेली आहे, तेव्हा कान धरायचा तर आधी स्वतःचाच.

मेसेजमध्ये एक गोष्ट खरी आहे. ग्लुकोज, म्हणजे रक्तातली साखर, पाण्यात विरघळणारं, पेशीचं आवरण तेलकट. ते आपसूक आत झिरपत नाही. त्याला आवरणात बसलेलं वाहक प्रथिन लागतं. निरनिराळे पदार्थ असे आत-बाहेर नेणाऱ्या प्रथिनांची ४०० हून अधिक जनुकं माणसात आहेत. त्यांच्या गोतावळ्याला एसएलसी म्हणतात. त्यातलं दुसऱ्या क्रमांकाचं घराणं ग्लट नावाच्या प्रथिनांचं, आणि त्यात १४ भावंडं. एकच दार, ही कल्पना इथेच संपते.

आता ‘कुठल्याच पेशीत’ हा दावा पाहू. तांबडी रक्तपेशी घ्या. तिच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भट्ट्या, नाहीत, त्यामुळे ग्लुकोजखेरीज दुसरं इंधन तिला चालतच नाही. तिच्या आवरणात ग्लट-१ चे दोनेक लाख रेणू बसलेले असतात. एकेक रेणू म्हणजे दोन तोंडांची खोली. बाहेरचं तोंड उघडं असताना ग्लुकोज आत बसतं, मग ते मिटतं आणि पेशीकडचं उघडतं. दोन्ही एका वेळी कधीच उघडी नसतात. निएंग यान यांच्या गटाने २०१४ मध्ये माणसाच्या ग्लट-१ ची ही रचना अणूंच्या पातळीवर दाखवली. या सगळ्या हालचालीत इन्सुलिनचं काम कुठेच नाही.

मेंदूचंही तसंच. रक्तातून मेंदूत ग्लुकोज नेतं ते ग्लट-१, आणि चेतापेशींत घेतं ते मुख्यतः ग्लट-३. पटत नसेल तर इन्सुलिनचा डोस जास्त झालेल्या माणसाकडे बघा. घाम फुटतो, बोलणं असंबद्ध होतं, शुद्ध हरपते. किल्ल्यांचा सुकाळ असताना मेंदू उपाशी कसा पडला? दारं उघडीच होती. रक्तातच पुरेसं ग्लुकोज उरलं नाही. किल्लीवाल्या चित्रात याला उत्तर नाही.

आतड्यात तर वेगळंच घराणं आहे. तिथलं एसजीएलटी-१ हे वाहक एका ग्लुकोजबरोबर सोडियमचे दोन आयन ओढून घेतं. ग्लुकोज आणि सोडियम जोडीने जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत मांडली. जुलाबात मीठ-साखरेचं पाणी उपयोगी पडतं ते याच जोडीमुळे.

मग इन्सुलिनचं ऐकतं कोण? प्रामुख्याने ग्लट-४, म्हणजे स्नायू आणि चरबीच्या पेशी. इथेही कुलूप नाही. इन्सुलिन कमी असताना ग्लट-४ चे बहुतेक रेणू पेशीच्या आत चिमुकल्या पिशव्यांत पडून असतात. इन्सुलिनचा इशारा आला की पिशव्या पृष्ठभागाकडे सरकतात, आवरणात मिसळतात, आणि दारं भिंतीत येऊन बसतात. इशारा ओसरला की पुन्हा आत. अमेरिकेतल्या दोन गटांनी १९८० मध्ये स्वतंत्रपणे हे मांडलं. थोडक्यात, इथे दार उघडलं जात नाही, दारच आणून बसवलं जातं. आणि ते काम एकट्या इन्सुलिनचं नाही. स्नायू आकुंचन पावले की वेगळ्या वाटेने इशारा जातो आणि ग्लट-४ वर येतं. चालण्याने साखर उतरण्यामागे हेही एक कारण आहे.

यावरून जनुक बिघडल्याचा दावाही तपासता येतो. ग्लट-४ चं जनुक, एसएलसी२ए४, टाइप २ मधुमेह असलेल्या बहुतेकांत धडधाकट असतं. अडतो तो इशारा, दार नव्हे. मधुमेह अनुवांशिक नाही असं मी म्हणत नाही. त्यात अनेक जनुकांचा थोडाथोडा हात असतो. पण ‘दाराच्या जनुकाची चाचणी करा’ म्हणणाऱ्याला विचारावं, नेमकं कोणतं दार?

दाराचं जनुक खरोखरच बिघडलं तर काय होतं, तेही माहीत आहे. ग्लट-१ च्या जनुकाची एक प्रत नादुरुस्त असलेल्या बाळांना आकडी येते, वाढ मागे पडते. डी व्हिवो आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अशा मुलांचं वर्णन केलं. रक्तातली साखर अगदी व्यवस्थित, पण मणक्यातलं पाणी तपासलं तर त्यात ग्लुकोज कमी. उपाय म्हणून भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी कर्बोदकं असलेला आहार देतात, कारण त्यातून तयार होणारे कीटोन, म्हणजे चरबीपासून बनणारं इंधन, दुसऱ्याच वाहकातून मेंदूत शिरतात. दार बिघडलं, आणि झाला तो मधुमेह नव्हेच.

आता सगळ्यात पटणारा आणि म्हणूनच सगळ्यात चिवट दावा: आत न जाता आल्याने साखर रक्तात तुंबते. मेसेज लिहिणारा यकृताला साफ विसरला आहे. रात्रीच्या उपासात यकृत किलोमागे दर मिनिटाला साधारण २ मिलीग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडतं. इन्सुलिनचं फार मोठं काम म्हणजे हा नळ आवळून धरणं. ते नसेल किंवा यकृत त्याचं ऐकत नसेल, तर नळ वाहतच राहतो. सकाळी काही न खाताही साखर चढलेली दिसते ती मुख्यतः यामुळे. स्नायूंत ग्लुकोज कमी जातं, हे खरं आहे. पण रक्तातली पातळी चढली की उघड्या दारांतून आत जाणारं ग्लुकोजही वाढतं, त्यामुळे ‘साऱ्या पेशी उपाशी’ हे वर्णन टिकत नाही. डोळ्यांचं आणि नसांचं नुकसान होण्यात तर आत शिरलेल्या जादा ग्लुकोजचाच वाटा आहे.

यातून कुणी इन्सुलिन बंद करण्याचा अर्थ काढणार असेल तर थांबावं. टाइप १ मधुमेहात शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही; तिथे ते बाहेरून दिलं नाही तर यकृताचा नळ मोकळा सुटतो, चरबी बेसुमार विरघळते, कीटोन आम्लं रक्तात साचतात आणि जीव जातो.

राहिली लघवीतली साखर. मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यात जवळपास १८० ग्रॅम ग्लुकोज असतं. निरोगी माणसात ते जवळजवळ सगळं परत घेतलं जातं, त्यातलं ९० टक्क्यांच्या आसपास एकटं एसजीएलटी-२, म्हणजे आतड्यातल्या वाहकाचं भावंड. रक्तातली पातळी डेसिलिटरमागे १८० मिलीग्रॅमच्या आसपास गेली की वाहकांची क्षमता संपते आणि उरलेलं सांडतं. (१८० चा आकडा तीनदा आला हा निव्वळ योगायोग.) म्हणजे सांडलेली साखर सांगते ती रक्ताची गोष्ट. दीर्घ मधुमेहात मूत्रपिंडं बिघडतात, नाही असं नाही, पण त्याची चाहूल लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनावरून घेतात.

आजची ग्लिफ्लोझिन गटातली औषधं हेच एसजीएलटी-२ मुद्दाम अडवून साखर लघवीवाटे घालवतात, आणि मूत्रपिंडाच्या जुनाट आजारातही ती दिली जातात. त्यांचा पूर्वज फ्लोरिझिन १८३५ मध्ये सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून वेगळा केला गेला. काही घराण्यांत तर एसएलसी५ए२ हे त्या वाहकाचं जनुकच जन्मतः नादुरुस्त असतं. त्या माणसांच्या लघवीतून रोज कित्येक ग्रॅम साखर जाते. रक्तातली साखर नेहमीसारखी असते, मूत्रपिंडंही सहसा ठणठणीत असतात, आणि बऱ्याचदा हे कळतं ते दुसऱ्याच कशासाठी केलेल्या लघवीच्या तपासणीत.