मधोमध बसा

माझं वजन ७८ किलो आहे. मी आपण होऊन सांगतोय, कारण परवा खारफुटीच्या सफरीत बोटभर लोकांना ते कळलंच आहे.

बोटीत चढताना नावाडी नेमका मलाच म्हणाला, "तुम्ही मधोमध बसा." बसलो. चिखलात पेन्सिली रोवाव्यात तशी तिवराची श्वसनमुळं, फांदीवर खंड्या, गाळात निवट्यांच्या उड्या. मासा असून पाण्याबाहेर किती मजेत! सगळं छान चाललं होतं. परतताना बोट गाळात टेकली आणि टोपीवाले काका माझ्याकडे वळले.

"आपलं वजन किती?"

"का हो?"

"सहज. नव्वद?"

"अठ्ठ्याहत्तर."

"जेवणाआधीचं?"

"काका, ओहोटी आहे. पाणी उतरलंय."

"पाणी सगळ्यांच्याच खालचं उतरलंय. बोट मधेच का टेकली?" आणि मधे कोण बसलंय हे बघायला त्यांनी दुर्बीण लावली. तीन फुटांवरून.

"तुमचं किती?"

"माझं उंचीच्या प्रमाणात आहे."

आता या दुर्बिणीचं सांगतो. ती गाडीत राहिली म्हणून काका परत गेले आणि आम्ही पाऊण तास धक्क्यावर उभे. ओहोटी सहा तासांची असली तरी पाणी एका वेगानं उतरत नाही. तिसऱ्या-चौथ्या तासात ते अक्षरशः पळतं. आम्ही बरोब्बर त्यात सापडलो. निघतानाच नावाडी दोनदा घड्याळ बघून चुकचुकला होता. पण दुर्बिणीचा विषय कोणी काढला नाही. काढणार कसा, ती आळीपाळीनं सगळ्यांनीच डोळ्याला लावली होती.

"एकजण उतरला तरी सुटेल," काका म्हणाले. एकजण म्हणजे कोण, यावर चर्चा झाली नाही.

उतरलो. गुडघाभर गाळ, वर सडक्या अंड्यांचा वास. त्या गाळात हवाच नसते, म्हणून तर तिवरं मुळांची नाकं वर काढून उभी असतात. मला ती सोय नव्हती. नावाडी आणि मी, दोघांनी खांदा लावून बोट रेटली. सुटली.

"बघा!" काकांनी टाळ्या वाजवल्या. "मी म्हटलं नव्हतं?"

रेटली कोणी, हे कोणीच विचारलं नाही. वर चढताना काकांनी हात दिला तो मला नव्हे, बाजूच्या कठड्याला. बोट कलंडेल म्हणून.

डावी चप्पल गाळातच राहिली. उजवी मी घरी घेऊन आलोय. ती अजून दारात आहे, आणि बायको रोज विचारते, टाकू का?