माणिक दुर्मिळ आहे, म्हणून खाणीचा शेअर घ्यायचा?

रंगीत रत्नांच्या खाणीत पैसे गुंतवा, असा सल्ला हल्ली वारंवार वाचायला मिळतो. मांडणी साधारण ठरलेली असते. हिरे आता प्रयोगशाळेत बनतात, त्यामुळे त्यांचे भाव घसरले. पाचू आणि माणिक मात्र निसर्गच देतो, चांगल्या खाणी जगात मोजक्याच, श्रीमंतांची संख्या वाढतेय. मग एकेक खडा घेत बसण्यापेक्षा खाणीचाच शेअर घ्या.

मला हा सल्ला धोकादायक वाटतो. दगड दुर्मिळ आहेत हे खरंच आहे. पण त्या दुर्मिळपणाचा फायदा भागधारकापर्यंत पोचायच्या आत त्यावर इतक्या जणांचा हक्क लागतो, की त्याच्या वाट्याला काय उरेल हे खडा पाहून सांगताच येत नाही. खडा सुंदर असणं आणि शेअर चांगला असणं यांच्यामध्ये सरकार आहे, प्रतिस्पर्धी आहेत, बंदुका आहेत, कर्ज आहे आणि मोठा भागधारकही आहे.

आधी प्रयोगशाळेचा मुद्दा निकालात काढतो, कारण तो उलटाच सांगितला जातो. माणिक कृत्रिमरीत्या बनवता येत नाही हे साफ चूक. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नॉय यांनी ज्वालेत माणिक बनवण्याची पद्धत १९०२ मध्येच जाहीर केली. कृत्रिम माणिक शंभराहून अधिक वर्षं स्वस्तात मिळतंय आणि तरीही नैसर्गिक माणकाचा भाव टिकून आहे, कारण दोन्हींतला फरक तपासून सांगणाऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि ग्राहक त्या फरकाचे पैसे मोजतो. म्हणजे या धंद्याने जो धक्का फार पूर्वी पचवला, तो हिऱ्यांना आत्ता बसतोय. रंगीत रत्नांच्या बाजूने बोलायचं तर मी हा मुद्दा मांडेन.

आता शेअरकडे येऊ. रंगीत रत्नांचं खाणकाम हाच मुख्य धंदा असलेली, शेअर बाजारात नोंदलेली मोठी कंपनी शोधायला गेलं की नजर जवळजवळ एकाच नावावर थांबते: जेमफील्ड्स. झांबियातल्या कागेम पाचूच्या खाणीत तिचा ७५ टक्के हिस्सा आहे, उरलेला २५ टक्के झांबिया सरकारचा. मोझांबिकच्या उत्तरेला काबो देल्गादो प्रांतात मोन्तेपुएझची माणकाची खाण आहे. तिथेही ७५ टक्के कंपनीचे आणि २५ टक्के स्थानिक भागीदाराचे. शेअर जोहान्सबर्गला आणि लंडनच्या एआयएम या छोट्या कंपन्यांच्या बाजारात नोंदलेला.

या कंपनीने केलेलं एक काम मला मनापासून मोलाचं वाटतं. २००९ पासून तिने कच्च्या पाचूचे लिलाव सुरू केले आणि २०१४ पासून माणकाचे. माल आकार, रंग, स्वच्छता यांनुसार प्रतवारी करून लॉटमध्ये मांडायचा, निवडक खरेदीदारांना बोलवायचं, बंद बोली घ्यायच्या. पुढच्या लिलावात तीच प्रत पुन्हा मिळेल हा भरवसा आल्यावर जयपूरच्या पैलू पाडणाऱ्या कारखानदारांपासून मोठ्या दागिन्यांच्या ब्रँडपर्यंत सगळ्यांना आपला माल आखता येऊ लागला. आधी हा व्यवहार बराचसा ओळखीपाळखीवर आणि अंधारात चालायचा. हिऱ्यांना निदान किमतीची सर्वमान्य यादी तरी आहे. पाचू-माणकाला तशी यादी नाही आणि होणंही कठीण, कारण दोन पाचू सारखे नसतात. अशा ठिकाणी लिलावातला आकडा हाच बाजारभावाच्या सर्वांत जवळ जाणारा आकडा ठरला.

पण याच आकड्यावर गुंतवणूकदार फसतात. लिलाव झाला की बातमी येते: सरासरी भाव प्रतिकॅरट इतके डॉलर, मागच्या वेळेपेक्षा इतका जास्त. लोक त्यावरून भाव चढला असा निष्कर्ष काढतात. तो निघतच नाही! या वेळी टेबलावर चांगला माल जास्त ठेवला असेल, तर एकाही प्रतीचा भाव न वाढता सरासरी वर जाते. हलका माल जास्त असेल तर खाली येते. कंपनी स्वतःही मालाचं मिश्रण बदलतं म्हणून थेट तुलना करू नका असं सांगते, पण ती ओळ वाचतो कोण? मी सरासरीपेक्षा दोन गोष्टी पाहतो. मांडलेल्यांपैकी किती लॉट विकले गेले, आणि न विकलेले लॉट कोणत्या प्रतीचे होते. उंची माल परत घरी गेला असेल तर सरासरी कितीही सुंदर दिसो, खरेदीदाराने हात आखडता घेतलेला असतो.

चांगला माल कधी येईल हेही खाणीला ठाऊक नसतं. कागेममध्ये पाचू तयार व्हायला दोन वेगवेगळे खडक भेटावे लागतात. पेग्मटाइटमधून बेरिलियम येतं आणि शेजारच्या शिस्टमधून क्रोमियम. ते जिथे एकमेकांना भिडतात, त्या पट्ट्यात पाचू. त्यातही बहुतेक हलक्या प्रतीचा, आणि उत्पन्नाचा मोठा भाग मात्र वजनाने अगदी थोड्या उंची मालातून येतो. तांब्याच्या किंवा सोन्याच्या खाणीत टनामागे किती धातू मिळेल याचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. इथे टनामागे किती कॅरट हा आकडा सांगता आला तरी त्यातले दागिन्याच्या लायकीचे किती, हे दगड फोडून धुतल्याशिवाय कळत नाही. मोन्तेपुएझमध्येही तेच. मुग्लोतो भागातल्या खडीच्या थरात उत्तम माणकं मिळतात, आणि मानिंगे नाइसच्या मूळ खडकात माल भरपूर पण प्रत हलकी. वर्षभर कुठे खणलं यावर कमाई ठरते.

मोठ्या खड्यांच्या बातम्यांबद्दलही बोलतो. कागेमला २०१० मध्ये ६,२२५ कॅरटचा ‘इन्सोफू’ म्हणजे हत्ती सापडला, २०१८ मध्ये ५,६५५ कॅरटचा ‘इन्कालामू’ म्हणजे सिंह, २०२१ मध्ये ७,५२५ कॅरटचा ‘चिपेम्बेले’ म्हणजे गेंडा. फोटो डोळे दिपवणारे असतात, आणि इन्कालामू डायाकलर या भारतीय कंपनीने घेतला याचं मलाही कौतुक वाटलं. पण अशा एका खड्यावर खाणीचं वर्ष तरत नाही. दुसरं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २०२३ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात ५५.२२ कॅरटचं ‘एस्ट्रेला द फुरा’ माणिक ३.४८ कोटी डॉलरला गेलं. तेही मोझांबिकचंच. ते काढणारी फुरा जेम्स ही खासगी कंपनी, शेअर बाजारात नाहीच. तो आकडा दाखवून तुम्हाला दुसऱ्याच कंपनीचा शेअर सुचवला जात असेल, तर सुचवणाऱ्याला हा फरक जरूर विचारा.

आता भागधारकाच्या आधी रांगेत कोण उभं असतं ते पाहू. सगळ्यात पुढे सरकार. झांबियात रत्नांवर ६ टक्के रॉयल्टी आहे. २०१९ मध्ये त्यावर १५ टक्के निर्यात शुल्क आलं, मग स्थगित झालं, आणि १ जानेवारी २०२५ पासून पुन्हा लागू झालं. दोन्ही मिळून २१ टक्के, आणि तेही विक्रीवर, नफ्यावर नव्हे! खाण तोट्यात असली तरी भरायचे. त्या वर्षीच मार्चमध्ये शुल्क पुन्हा स्थगित झालं. झांबियाने आपल्या जमिनीतल्या संपत्तीचा वाटा मागू नये असं मी म्हणणार नाही, तो त्यांचा हक्कच आहे. पण ज्या धंद्याच्या गणितातला एवढा मोठा आकडा एका अधिसूचनेने येतो आणि जातो, त्याचं दहा वर्षांचं मूल्यांकन मांडणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही.

मग प्रतिस्पर्धी. खाणी मोजक्या म्हणून भाव हातात, हे गृहीतक २०२४ च्या उत्तरार्धात कोसळलं. झांबियातल्याच दुसऱ्या उत्पादकाने बराच पाचू खूप कमी भावात बाजारात आणला, त्यात चीनची मागणी थंडावलेली. परिणाम असा की जगातल्या सर्वांत मोठ्या पाचूच्या खाणींपैकी एक असलेल्या कागेमने जानेवारी २०२५ पासून खणणं थांबवलं आणि आधी काढून ठेवलेल्या मालावर प्रक्रिया करत राहिली. खणणं पुन्हा सुरू झालं ते मे महिन्यात. २०२२ मध्ये याच कंपनीचं उत्पन्न ३४.१ कोटी डॉलर होतं, तिच्या इतिहासातलं विक्रमी. विक्रमापासून खाण थांबवण्यापर्यंत अडीच वर्षंही लागली नाहीत.

आणि मोन्तेपुएझ. या खाणीबद्दल लिहिताना आकड्यांपाशी थांबणं मला जमत नाही. २००९ मध्ये तिथे माणिक सापडलं आणि हजारो गरीब माणसं फावडी घेऊन आली. ज्या जमिनीवर स्थानिक लोक राहत, शेती करत, ती एका कंपनीचा खाणपट्टा झाली. पोलिसांनी आणि खाणीच्या सुरक्षारक्षकांनी मारहाण केल्याचे, गोळ्या घातल्याचे, घरं जाळल्याचे आरोप झाले. २७३ जणांच्या दाव्यांवर इंग्लंडमध्ये खटला उभा राहिला, आणि जानेवारी २०१९ मध्ये जेमफील्ड्सने उत्तरदायित्व मान्य न करता ५८ लाख पौंडांची तडजोड केली. परिसरात हिंसा घडली होती हे मात्र कंपनीने मान्य केलं, आणि पुढे स्थानिकांसाठी तक्रार निवारणाची स्वतंत्र व्यवस्था उभी केली. ही व्यवस्था उभी राहिली हे चांगलंच झालं. पण जो कोणी हा शेअर घेतो, त्याने ही कागदपत्रं वाचलेली असावीत असं माझं ठाम मत आहे. लाभांश आपल्या खात्यात येतो तेव्हा तो कुठल्या कुंपणाच्या आतून आला हे माहीत असणं मला किमान जबाबदारी वाटते.

त्याच प्रांतात ऑक्टोबर २०१७ पासून सशस्त्र बंडखोरी चालू आहे. २०२१ मध्ये टोटलएनर्जीजसारख्या बलाढ्य कंपनीला तिथला वायूप्रकल्प थांबवावा लागला. २०२४ च्या निवडणुकीनंतर देशभर उसळलेल्या अशांततेची झळ माणकाच्या खाणीलाही बसली आणि काम काही काळ बंद ठेवावं लागलं. उत्पन्नाचा एवढा मोठा हिस्सा अशा एका जागेवर अवलंबून असेल तर त्याला विविधता म्हणता येत नाही. दोन देश, दोन रत्नं असं कागदावर दिसतं, पण एक थांबलं की दुसऱ्यावर कंपनीचा श्वास चालतो.

शेवटी मोठा भागधारक. २०१७ मध्ये जेमफील्ड्सचा जवळजवळ निम्मा हिस्सा हाती असलेल्या पॅलिंगहर्स्ट या गुंतवणूक कंपनीने बाकीची कंपनी ताब्यात घ्यायची ठरवली. बदल्यात रोख पैसे देऊ केले नाहीत, आपले शेअर देऊ केले. जेमफील्ड्सच्या स्वतंत्र संचालकांनी हा प्रस्ताव कंपनीची किंमत कमी लेखतो असं स्पष्ट सांगितलं. चीनची फोसुन रोख प्रस्ताव घेऊन पुढे आली. तरी बहुमत पॅलिंगहर्स्टकडे गेलं आणि लंडनची नोंदणी रद्द झाली. छोट्या भागधारकाच्या मताला काही किंमत राहिली नाही. लंडनमध्ये शेअर परत आला तो फेब्रुवारी २०२० मध्ये, आणि लगेच कोविडने लिलावच बंद पाडले.

फाबर्जेचंही तसंच. २०१३ मध्ये जेमफील्ड्सने सुमारे १४.२ कोटी डॉलरचे शेअर देऊन हा दागिन्यांचा प्रसिद्ध ब्रँड घेतला. खाण ते दागिना अशी साखळी जोडू, अशी कल्पना होती. २०२५ मध्ये तो ५ कोटी डॉलरला विकला. त्याच वर्षी राईट्स इश्यूतून, म्हणजे आहेत त्याच भागधारकांना नवे शेअर देऊन, त्यांच्याकडून सुमारे ३ कोटी डॉलर मागावे लागले. जुन्या भागधारकाने पुन्हा पैसे घालायचे, नाहीतर आपला हिस्सा पातळ होताना पाहायचा.

ही एकाच कंपनीची कर्मकहाणी आहे असं कुणी म्हणेल. टांझानाइट हे रत्न जगात फक्त टांझानियातल्या मेरेलानीला मिळतं, याहून दुर्मिळ काय असणार? तिथल्या सर्वांत मोठ्या पट्ट्याची मालक कंपनी लंडनमध्ये नोंदलेली होती. २०१० च्या कायद्याने रत्नांच्या खाणीत निम्मा हिस्सा टांझानियाच्या हाती असणं आलं, तो सरकारी कंपनीकडे गेला, आणि काही वर्षांत मूळ कंपनी आपला हिस्सा विकून बाहेर पडली. ग्रीनलँडमध्ये माणकाची खाण विकसित करणारी, कॅनडाच्या बाजारात नोंदलेली ट्रू नॉर्थ जेम्स ही कंपनी खाण पूर्ण व्हायच्या आधीच पैशांअभावी ती गमावून बसली. माणिक जमिनीत होतंच, पुढे दुसऱ्यांनी ते काढलंही.

मग या शेअरला हातच लावू नये का? तसं मी म्हणत नाही. माझ्याकडे आज यातला एकही शेअर नाही, पण मी लिलावाचे निकाल नेमाने वाचतो. जेमफील्ड्सने मोन्तेपुएझला सुमारे ७ कोटी डॉलर खर्चून दुसरा प्रक्रिया कारखाना उभारला आहे. ताशी २०० टनांऐवजी ६०० टन माल धुता यावा, असं त्याचं गणित. साठून राहिलेला माल त्यातून बाहेर आला आणि त्यात उंची माणिक पुरेसं निघालं, तर कंपनीच्या डोक्यावरचं कर्ज फिटू शकतं. मला आधी सलग दोन माणिक लिलावांत उंची लॉट विकले गेलेले बघायचेत, निव्वळ कर्ज प्रत्यक्ष खाली आलेलं बघायचंय, आणि झांबियाचं निर्यात शुल्क स्थगितीवर न राहता कायद्याने कायमचं रद्द झालेलं बघायचंय. तोवर भाव कितीही पडलेला दिसला तरी मी तो स्वस्त धरणार नाही. आणि घेतलाच, तर पूर्ण बुडाला तरी झोप उडणार नाही एवढ्याच रकमेचा घेईन.