धुरा गेला, वळण राहिलं

नागपुरातला जुना लेआउट, म्हणजे शेतावर प्लॉट पाडून बसवलेली वस्ती, कोणी पाडला, हे कागद न बघताही ओळखता येतं. १९३६ च्या कायद्यानं आलेल्या नासुप्रनं (नागपूर सुधार प्रन्यास) पाडला असेल तर रस्ते बहुतेक काटकोनात मिळतात. गृहनिर्माण संस्थेनं शेत घेऊन पाडला असेल तर रस्ता कुठंतरी उगाच वाकतो. उगाच कसला, तिथं शेताचा धुरा, म्हणजे बांध होता. पलीकडचं शेत दुसऱ्याचं, म्हणून कडेचा प्लॉट त्रिकोणी. तो सगळ्यात शेवटी विकला जातो आणि वास्तुवाल्यांचं पोट भरतो.

हिशेब साधा आहे. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. १० टक्के ओपन स्पेस, रस्त्यांना साधारण ३० टक्के धरा. उरलेल्यात ३० बाय ५० चे जेमतेम १७ प्लॉट बसतात. एकरात २० निघाले असतील तर वरचे तीन रस्त्यातून नाहीतर ओपन स्पेसमधून आलेत. मग विनापरवानगी पाडलेले प्लॉट नियमित करणाऱ्या २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली आरएल (नियमित केल्याचं पत्र) मागायला गेलं की नकाशात रस्ता ३० फुटांचा आणि टेप लावला की २५! त्यात वॉलकंपाउंड फूटभर बाहेर, मग पायरी, मग गाडी चढवायचा उतार, उन्हाळ्यात कूलरचा स्टँड. दोष एकट्या संस्थेच्या माथी मारू नका.

लेआउटचा स्वभाव मात्र खरा बिघडवला तो सिमेंट रोडनं. सात-आठ इंचांची स्लॅब, तिच्याखाली चार-सहा इंचांचा थर. जुनं डांबर खोदून न काढता हे वर चढवलं की रस्ता फूटभर उंच होतो आणि १९८० च्या घरांची प्लिंथ, म्हणजे जोतं, खाली जाते. पूर्वी अंगणात मुरणारं पाणी आता फाटकातून आत येतं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरलं, ती गोष्ट वेगळी. इथं तर तासाभराच्या सरीत हॉलमध्ये चप्पल तरंगते.

म्हणून सिमेंट रोडचं मशीन यायच्या आधी नळीत पाणी भरून सगळ्या घरांच्या प्लिंथची लेव्हल काढा आणि प्रत्येक फाटकाच्या खांबावर रंगानं रेघ मारा. सगळ्यात खालच्या प्लिंथपासून रस्ता निदान फूटभर खाली हवा. पाण्याचा उतार कुठल्या नालीत जातो ते लेखी घ्या, त्यावर कनिष्ठ अभियंत्याची सही घ्या. रेघ पुसायच्या आत फोटोही काढून ठेवा.